आज आणखी काय घेतलंय?

सव्वासात वाजलेत. दुपारी सुरू झालेला पाऊस अजून थांबायचं नाव घेत नाही. कळंबोलीच्या स्टील मार्केटकडून येणारं पाणी रस्त्याच्या कडेकडेने वाहतंय आणि त्याला गंजाचा तांबूस रंग चढलाय. सर्कलच्या अलीकडे ट्रेलर एकामागे एक खोळंबलेत. एकावर पत्र्याची कॉइल, दुसऱ्यावर सळ्या, सळ्यांच्या टोकाला भिजून लोंबणारं लाल फडकं. इथून पुणे एक्स्प्रेसवे सुरू होतो, इथूनच बंदराकडे फाटा फुटतो. त्यामुळे या गावात कुणाला ना कुणाला कुठेतरी पोहोचायची घाई असतेच.

मी मात्र मेडिकलच्या पत्र्याखाली छत्री झटकत उभा आहे. नाक वाहतंय, डोकं ठणकतंय. दोन गोळ्या घ्यायच्या आणि घर गाठायचं एवढाच बेत. पण काउंटरपुढे गर्दी आहे, म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून घेतो.

काउंटरमागे पांढरा एप्रन घातलेली एक तरुण फार्मासिस्ट आहे. वय असेल सव्वीस-सत्तावीस, पण येणारा प्रत्येक जण तिला ताईच म्हणतो. तिच्या डोक्यावर महाराष्ट्र राज्य औषध व्यवसाय परिषदेचं नोंदणीपत्र फ्रेम करून लावलंय आणि शेजारी विठ्ठलाचं कॅलेंडर. उद्या आषाढी एकादशी. तिच्या हाताखालचा पोऱ्या दोरीला बांधलेल्या कात्रीने गोळ्यांची स्ट्रिप कापतोय.

"टोकाकडनं कापू नको," ती मान वर न करता सांगते. "नाव आणि एक्स्पायरी गिऱ्हाइकाकडे जाऊ दे."

पोऱ्या स्ट्रिप उलटी धरतो.

तेवढ्यात एक माथाडी मामा आत येतात. पन्नाशी ओलांडलेले, डोक्यावर भिजलेली पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, शर्टाच्या खांद्यावर गंजाचा न निघणारा डाग. हातातले जाड मोजे ते काउंटरच्या काचेवर ठेवतात.

"ताई, डोलो दे गं. धा दे."

"ताप कुणाला आहे, मामा?"

"मलाच. परवाधरनं हाय. अंग निस्तं मोडून आलंय."

"आज आणखी काय घेतलंय?"

"काय न्हाय."

ताईचा हात रॅककडे जात नाही. "वरचा खिसा बघू."

मामा ओशाळं हसतात आणि खिशातली प्लॅस्टिकची पिशवी काढतात. आत आधार कार्ड, चुन्याची डबी आणि स्ट्रिपचे तीन तुकडे. ताई ते तुकडे काचेवर ओळीने मांडते आणि एप्रनच्या टोकाने पुसते. मीही स्टुलावरून वाकून बघतो.

पहिल्या तुकड्यात लांबट पांढऱ्या दोन गोळ्या उरल्यात. नावाचा अर्धा भाग कात्रीने नेलाय, शिल्लक आहे तो फक्त ६५० हा आकडा. दुसऱ्या तुकड्यात एकच गोळी. "ही पाठीची. आमच्या टोळीतल्या एकानं दिली, त्यास्नी लय फरक पडला." तिसरा तुकडा सर्दीच्या गोळ्यांचा. तो मामांनी दुसऱ्याच दुकानातून आणलाय.

"वाच रे," ताई पोऱ्याला म्हणते आणि मोबाइलचा टॉर्च लावते.

पोऱ्या डोळे बारीक करून मागची बारीक अक्षरं लावतो. "पॅरासिटामॉल, सहाशे पन्नास मिलिग्रॅम." दुसरा तुकडा उचलतो. "असेक्लोफिनॅक शंभर... पॅरासिटामॉल तीनशे पंचवीस." तिसरा. "फेनिलएफ्रिन... क्लोरफेनिरामिन... पॅरासिटामॉल पाचशे." मग स्वतःच थबकतो. "ताई, तिन्हीत तेच आहे."

ताई गोळ्या द्यायचं छोटं पाकीट उलटं करते आणि कानावरचं पेन काढते.

"काल रात्रीपासून आत्तापर्यंत किती झाल्या, मामा? नीट आठवून सांगा."

मामा बोटांची पेरं मोजतात. तापाच्या चार. पाठीच्या तीन. सर्दीच्या तीन. ताई आकडे मांडते: २६०० अधिक ९७५ अधिक १५००. खाली रेघ, रेघेखाली ५०७५. त्याच्या बाजूला ४००० लिहून भोवती गोल काढते.

"मोठ्या माणसाला चोवीस तासांत जास्तीत जास्त एवढं चालतं. तुमचं हजाराने वर गेलंय."

"आगं पर तीन येगळी दुखणी, तीन येगळ्या गोळ्या!"

"तेच सांगतेय. दुखणी तीन, गोळ्या तीन, औषध एकच."

मामा त्या तीन तुकड्यांकडे बघत राहतात. खरं सांगायचं तर मीही.

घराघरांत आपण या औषधाला त्याच्या नावाने हाक मारतच नाही. कुणाची क्रोसिन, कुणाची कालपोल, कोरोनापासून सगळ्यांचीच डोलो. अमेरिकेत याच औषधाला असिटामिनोफेन म्हणतात आणि तिथल्या घराघरांत ते टायलेनॉल या नावाने असतं. मुलाकडे गेलेले आईवडील बॅगेतून इथली गोळी नेतात, सूनबाई तिथली देते, आणि दोन्ही मिळून एकाच औषधाचे दोन डोस पोटात गेले हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. सर्दीच्या, पाठदुखीच्या, दातदुखीच्या, पाळीच्या दुखण्याच्या कितीतरी जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. वेष्टनावर ठळक दिसतं ते कंपनीने दिलेलं नाव. आतलं नाव खाली, बारीक.

आणि औषध वाईट म्हणावं तर तसंही नाही. नेमक्या मात्रेत ते इतकं सुरक्षित आहे की डेंग्यूच्या तापात आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन टाळायला सांगणारे डॉक्टर हेच देतात, कारण बाकीच्यांनी रक्तस्राव वाढायची भीती असते. सव्वाशे वर्षांपूर्वी, १८९३ मध्ये, ते रुग्णांना पहिल्यांदा दिलं गेलं. १९५५ नंतर दुकानांत आलं. जादा मात्रेने यकृत निकामी होतं याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली ती १९६६ मध्ये. पाचशेच्या आठ किंवा साडेसहाशेच्या सहा गोळ्या ही दिवसाची कमाल मर्यादा, आणि दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा. गाठायलाच हवा असा हा आकडा नव्हे. वजन पन्नास किलोच्या आत असेल, यकृताचं दुखणं असेल, रोजची दारू असेल किंवा माणूस खंगलेला असेल, तर मर्यादा याहून खाली येते आणि ती डॉक्टरनेच ठरवायची असते.

"पर मला काय बी झालं न्हाय," मामा म्हणतात. "उलट ताप उतारलाय."

"पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, मामा. कळलं तर थोडं मळमळतं, भूक जाते. ते तर तापातही होतं." ती क्षणभर थांबते, मग बाहेरच्या ट्रेलरकडे बोट दाखवते. "तुमच्या गोदामाला एका पाळीला किती माणसांची टोळी असते?"

"धा-बारा."

"दोन गाड्या आल्या तर?"

"दुपारपातूर रिकाम्या."

"आणि एकदम आठ आल्या तर?"

"माल रस्त्यावर. दुसरं काय!"

"तुमच्या लिव्हरमध्येपण तशीच टोळी आहे. गोळीतनं थोडा विषारी माल तयार होतोच. टोळी तो लगेच उचलते आणि बाहेर काढते. गाड्या जास्त झाल्या की टोळी संपते आणि माल तिथंच पडतो. मग तो लिव्हरलाच खातो."

मामांना हे पटकन उमगतं. चाळीस वर्षं माल उचलणाऱ्या माणसाला वेगळं काय समजावायचं! ताई ज्याला टोळी म्हणतेय त्याचं पुस्तकी नाव ग्लुटाथिओन. ते संपलं की यकृताच्या पेशी मरू लागतात. उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं ही लक्षणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात, आणि तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. यावर उतारा आहे, एन-असिटिलसिस्टिन. १९७०च्या दशकात एडिंबराच्या डॉक्टरांनी तो रुळवला. संपलेली टोळी तो पुन्हा उभी करतो. पण गोळ्या पोटात गेल्यापासून पहिल्या आठ तासांत मिळाला तर त्याचा गुण सगळ्यात चांगला येतो. म्हणून लक्षणांची वाट बघत बसायचं नसतं.

"शेवटची गोळी कधी घेतली?"

"चारच्या चहाबरुबर. पाठीची आनी तापाची, दोन्ही."

ताई पाकिटावर तेही लिहिते: दुपारी ४, दोन गोळ्या. खाली तिन्ही औषधांची नावं.

"आता घरी जायचं नाही. सरळ हॉस्पिटल. हे पाकीट आणि हे तिन्ही तुकडे डॉक्टरला दाखवायचे. लिव्हरचं रक्त तपासतील. तीन दिवसांचा ताप आहे, पाऊसपाण्याचे दिवस आहेत, डेंग्यूचंही बघतील."

"सकाळी जातो की. उद्या एकादशी हाय, मार्केटला तशी बी..."

"आत्ता, मामा. आणि उद्या उपास नको. पोटात अन्न नसलं की टोळीची माणसं आणखी कमी होतात."

"दारूला शिवत न्हाय मी," मामा माळेला हात लावतात, जणू उपासाच्या बदल्यात तेवढं तरी जमेला धरावं.

"ठाऊक आहे. म्हणून तर वाचलात एवढे."

दाराशी उभा असलेला टोळीतला सोबती रिक्षा बघायला धावतो. मामा जाग्यावरच उभे. "मग त्या धा गोळ्या?"

"आज तुम्हाला एकही देणार नाही."

रांगेत मामांच्या मागे एक तरुण आई आहे, खांद्यावर झोपलेलं दहा महिन्यांचं बाळ. मोबाइलवर डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो, हातात घरून आणलेली ड्रॉपरची छोटी बाटली.

"ताई, डॉक्टरांनी पाच एमएल लिहिलंय. घरात मागच्या वेळचं हे आहे, औषध तेच आहे ना? यातलंच पाच एमएल देऊ का? सासूबाई म्हणाल्या, उगाच नवीन कशाला आणायचं."

ताई तिच्या हातून बाटली काढूनच घेते. मग रॅकवरून मोठी बाटली आणून दोन्ही शेजारी ठेवते. खोक्यांचे रंग सारखे, वरचं नाव तेच. पेनाच्या टोकाने ती एकेक ओळ दाखवते. छोट्या बाटलीवर: एक एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम. मोठ्या बाटलीवर: पाच एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम.

"बाळाचं वजन?"

"आठ किलो."

"म्हणजे एका वेळेला साधारण एकशेवीस मिलिग्रॅमपर्यंत. डॉक्टरांनी बरोबर लिहिलंय, पण ते या मोठ्या बाटलीतलं पाच एमएल. या छोटीतलं पाच एमएल म्हणजे पाचशे. मोठ्या माणसाची अख्खी गोळी."

बाईंचा हात आपोआप बाळाच्या पाठीवर जातो. "मी दिलंच असतं हो. घरी जाऊन दिलंच असतं."

"दिलं नाहीत ना? झालं तर." ताई मोठ्या बाटलीसोबतच्या मापाच्या टोपणावर पाचच्या खुणेला पेनाने रेघ ओढते. "घरातला चमचा वापरायचा नाही. कुठला तीन एमएलचा असतो, कुठला सातचा. आणि एक कागद फ्रिजवर लावा. जो कोणी औषध देईल त्याने वेळ लिहायची. तुम्ही दिलं, मग आजीने दिलं, बाबा कामावरून आल्यावर त्यांनीही दिलं, असं होतं घरात. सहा तासांच्या आत परत नाही. ताप थोडा राहिला तरी चालेल, बाळ दूध पितंय, खेळतंय ना ते बघा. सुस्त वाटलं तर डॉक्टर."

जाताना बाई ती छोटी बाटली परत मागतात. ताई देते, पण टोपणावर चिकटपट्टी लावून वर ठळक लिहूनच: १ एमएल = १००.

पाऊस जरा कमी होतो तसा एक ट्रेलरचालक रस्ता ओलांडून येतो. "मॅडम, सरदर्द का पूरा पत्ता दे दो. न्हावा शेवा जाना है, रातभर लाइन में खडा रहना है."

"आज और क्या लिया?"

प्रश्न तोच, भाषा फक्त बदललेली. चालक खांदे उडवतो. सकाळी ढाब्यावर कुणीतरी दिलेली एक, दुपारी एक. किती दिवस दुखतंय? दहा-बारा दिवस. पिता का? यावर तो नुसता हसतो, आणि ताई त्या हसण्याचा अर्थ लावून मोकळी होते. पूर्ण स्ट्रिप नाही, चार गोळ्या मोजून देते, त्याही नावाकडची बाजू राखून. वर तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सुनावते, की दोन गोळ्यांत सहा तास, दारूबरोबर अजिबात नाही, आणि दहा दिवस डोकं दुखतंय तर गोळी बदलून उपयोग नाही, बीपी बघायचं. काउंटरखालून बीपीचं यंत्र काढून ती तिथेच त्याच्या दंडाला पट्टा बांधते.

मी मनात हिशेब करतो. साडेसहाशेच्या पंधरा गोळ्यांची एक स्ट्रिप म्हणजे ९,७५० मिलिग्रॅम, धडधाकट माणसाच्या कमाल मर्यादेनेही जेमतेम अडीच दिवसांचा साठा. आपण ती किराण्यासारखी घरात भरून ठेवतो. ब्रिटनने १९९८ मध्ये यावर नियम केला. साध्या दुकानात एका पाकिटात सोळाच गोळ्या, औषधांच्या दुकानात बत्तीस. आपल्याकडे कायद्याने हजारापेक्षा कमी वस्तीच्या खेड्यात परवाना नसलेल्या दुकानालाही ही गोळी विकायची मुभा दिलीय, कारण तिथे मेडिकल नसतं. खेड्याची ती गरजच आहे. पण तिथे "आणखी काय घेतलंय?" असं विचारायला काउंटरमागे कुणी शिकलेलं माणूस असेलच असं नाही. आणि स्ट्रिपवर यकृताला अपाय होऊ शकतो असा जो इशारा छापलेला असतो, तो इंग्रजीत. दोन गोळ्या कापून घेतल्या की पुष्कळदा तोही कात्रीच्या पलीकडे, दुकानातच राहतो.

"तुम्हाला काय देऊ, काका?"

माझा नंबर आलाय. मी सवयीने सांगून टाकतो, "सर्दीची एक स्ट्रिप, आणि डोकेदुखीच्या दोन."

ती बघत राहते. इतका वेळ स्टुलावर बसून सगळं ऐकणाऱ्या माणसाने हे मागावं! मला हसू येतं, तिला येत नाही.

"आज आणखी काय घेतलंय?"

आता आठवणं भाग आहे. सकाळी सर्दीची एक. दुपारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याने ड्रॉवरमधून काढून दिलेली एक, सुटी, कागदात गुंडाळलेली. कसली होती? पांढरी होती. याहून जास्त मला सांगता येत नाही. नाकावर चष्मा आहे, इंग्रजी रोज वाचतो, आणि तरी आयुष्यात एकदाही स्ट्रिप उलटी करून वाचलेली नाही.

"कसली ते माहीत नाही, तर मग रात्री दहापर्यंत काही घेऊ नका," ताई म्हणते. "गरम पाण्याची वाफ घ्या. दहानंतर डोकं दुखलंच तर ही साधी एक. सर्दीची आज नाही." साध्या पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या ती पाकिटात घालते आणि वर मराठीत नाव लिहिते. कंपनीचं नाही, आतलं.

बाहेर रिक्षा येऊन थांबते. मामा मोजे बगलेत धरून आत बसतात. पाकीट कुठे ठेवलं ते दोनदा चाचपतात, मग ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाला लागून घालतात. सोबत्याने छत्री मिटली, रिक्षा वळली. तांबूस पाण्याचा एक फवारा दुकानाच्या पायरीपर्यंत येतो.

मामांनी मागितलेली ती स्ट्रिप रॅकमध्येच राहिलीय. तासाभरात ताईने एकाला औषध दिलंच नाही, एकाला मागितलं त्याच्या चौथाईने दिलं, मला अर्ध्याहूनही कमी. धंद्याच्या वहीत याची नोंद कुठेच होणार नाही.

वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. प्रत्येक मेडिकलमध्ये अशी ताई असेलच असं नाही, म्हणून तिने विचारायची वाट बघू नका. काउंटरवर आपणच सांगा, "आज हे हे घेतलंय, यात पॅरासिटामॉल आहे का?" स्ट्रिप उलटी करून आतलं नाव वाचा. दिवसात किती गेलं त्याची बेरीज गोळ्यांची नको, मिलिग्रॅमची करा. बेरीज हाताबाहेर गेली असं कळलं, तर बरं वाटत असलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा आणि वेष्टनं बरोबर न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र चोवीस तास उघडं असतं, क्रमांक १८०० ११६ ११७, फोनला पैसे पडत नाहीत. फ्रिजवर बाळाच्या औषधाचा कागद लावाल, तेव्हा हे दोन आकडेही त्यावर लिहून ठेवा.